बिशप उपाशी आहे

हॉलो क्रीक, ब्रिटिश कोलंबिया
९ ऑगस्ट

श्री. अर्मास लेहतोला यांस,

माझा कुत्रा तुमच्या घरी आहे. तो परत पाठवा.

आपली ओळख नाही, म्हणून पुढचं लिहावं लागतंय. या जुलैत आमच्या गावात टीव्हीसाठी एक प्रेमपट काढला. तुम्हाला ठाऊक आहेच, कारण तुमचाही कुत्रा त्यात होता. शहरातून आलेली बेकरीवाली आणि गावातला जनावरांचा डॉक्टर, दोघांच्या कुत्र्यांचे पट्टे एकमेकांत अडकतात आणि नाताळपर्यंत लग्न होतं. भर उन्हात आमच्या मुख्य रस्त्यावर साबणाच्या फेसाचा बर्फ पसरला होता. बेकरीवाली लोकरीचा कोट घालून घामाने निथळत होती, आणि माझा बिशप, वय वर्षं नऊ, जातीचा सोनेरी रिट्रीव्हर, तिचा कुत्रा 'बटर' झाला होता.

एक बटर दोन कुत्र्यांनी केला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शांत बसायचं असेल तिथे बिशप, पाण्यात उडी मारायची असेल तिथे तुमचा. दोघांच्या तोंडावरचे पिकलेले केस एकाच रंगाने रंगवले, दोघांचे केस एकाच मापाने कापले, आणि शेवटच्या दिवशी एकाच गाडीत घालून घरोघर पोचवले. माझ्या दारात जो उतरला तो आत आला, स्वयंपाकघरात गेला आणि भांडं पूर्ण खाली टेकायच्या आत रिकामं करून ढेकर दिली.

मी कंपनीला फोन केला. ब्रिएल नावाची मुलगी बोलली.

"आजी, शूटिंगनंतर कुत्री थोडी बदलतात. ताण येतो ना त्यांना."

"मी तुझी आजी नाही. हा माझा कुत्रा नाही."

"तुम्ही एकट्या राहता का? कुणी जवळचं माणूस आहे का, ज्यांच्याशी मी बोलू शकेन?"

मी तीस वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. लोकांचं खोटं मी शब्दशः उतरवून घेतलंय. माझं डोकं ठिकाणावर आहे. त्या संध्याकाळी मी जनावराला अंघोळ घातली. रंग उतरला. बिशप हनुवटीखाली पांढरा आहे, हा भुवयांवर. मग मी ब्रिएलला पुन्हा फोन केला आणि तुमचा पत्ता मिळेपर्यंत ठेवला नाही. पोलिसांकडेही गेले होते. तो पोरगा मला म्हणाला, "पण दोन्ही सोनेरीच ना, मॅडम?"

फोन नंबर मागितला नाही. फोनवर माणसं काहीही बोलून मोकळी होतात. कागदावर सही करावी लागते.

आता महत्त्वाचं. बिशप प्रार्थनेशिवाय जेवत नाही. मी नन्सच्या शाळेत वाढले, आमच्या घरात तसंच असतं. पूर्ण प्रार्थनेचा त्याचा आग्रह नाही, पण शेवटचं 'आमेन' ऐकल्याशिवाय तो भांड्याला तोंड लावत नाही. हे त्याला लहानपणापासून लागलंय. तुम्ही म्हणत नसाल तर माझा कुत्रा तुमच्या घरी उपाशी आहे.

होनोरा टॅन्सी (मिस)


आल्कू बेट
१७ ऑगस्ट

मिस टॅन्सी,

पत्र मिळालं. तुमचा गैरसमज झालाय. माझा कुत्रा माझ्याकडे आहे. त्याचं नाव कॉम्रेड. तो छान जेवतो. तब्येत उत्तम.

तुम्ही लिहिलेला शब्द आमच्या घरात म्हणत नाहीत. हे बेट माझ्या आजोबांनी आणि त्यांच्यासारख्या फिनलंडच्या लोकांनी वसवलं, ते मुळात पाद्री आणि मालक या दोघांपासून लांब जायला. इथे वाचनालय आहे, सहकारी दुकान आहे, नाचायला हॉल आहे. चर्च नाही. कधी नव्हतं.

तुमचा कुत्रा सापडो.

अर्मास लेहतोला


हॉलो क्रीक
२२ ऑगस्ट

श्री. लेहतोला,

'तो छान जेवतो.' मी विचारलं नव्हतं तो जेवतो का. मी सांगितलं होतं की तो जेवत नसेल. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारे साक्षीदार मी फार पाहिलेत. न्यायाधीश त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, नुसतं पुढचं पान उलटायचे. खाई त्याला खवखवे.

आजोबांचं कौतुक वाचलं. आजोबांना पाद्री नको होते, ठीक. आजोबांना उपाशी कुत्राही नकोच असेल. तुमचं तत्त्व तुमच्या पोटावर चालवा. नऊ वर्षांच्या जनावराच्या पोटावर चालवू नका.

आणि ज्याला तुम्ही कॉम्रेड म्हणता त्याच्याविषयी बोलू. कॉम्रेड तुमच्याकडे असेल, तर माझ्याकडे कोण आहे ते मला सांगा. रविवारचा हॅम त्याने ओट्यावरून ओढून नेला. मी चर्चमध्ये मिसाला गेले होते, परत येते तर हाडसुद्धा नाही, आणि हा माझ्या आरामखुर्चीत. माझ्या. बिशप नऊ वर्षांत कधी त्या खुर्चीत बसला नाही. पाद्रीबाबा चहाला आले तर याने त्यांचा जोडा बागेत पुरला. मला वाटलं तुमच्याकडची शिकवण असेल.

हे सगळं मी सहन करेन. एक गोष्ट सहन होत नाही. रोज ऊन कलायला लागलं की तो दाराशी जाऊन उभा राहतो आणि रडतो. भुंकत नाही, रडतो. जेवण ठेवलं तरी वळून बघत नाही, आणि हा तर माझे हातमोजे खाणारा प्राणी. मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले काही नाही. काही नाही म्हणजे काय? जनावर उगाच रडत नाही. त्याला काही दुखत असेल तर ते मला कळायला हवं. कुत्रा तुमचा असेल तर सांगा. नसेल तर 'माझा नाही' असं लिहून सही करा.

आणि बिशपपुढे भांडं ठेवाल तेव्हा तो शब्द म्हणा. विश्वास ठेवायची गरज नाही. न्यायालयात निम्मे लोक शपथ तशीच घेतात.

होनोरा टॅन्सी


आल्कू बेट
३ सप्टेंबर

मिस टॅन्सी,

कुत्रा थोडं खातो. हातातून रावस भरवला तर. तोही डोळे मिटून, औषध घेतल्यासारखा.

बाकी वेळ तो भांड्यापुढे बसतो आणि माझ्याकडे बघतो. दोन पाय नीट जुळवून बसतो. मी वेगवेगळं म्हणून बघितलं. 'खा' म्हटलं. 'जेव रे बाबा' म्हटलं. फिनिशमध्ये म्हटलं. मोठ्याने वर्तमानपत्र वाचलं, सहकारी दुकानाच्या सभेचा अहवाल सुद्धा वाचला. तो मान तिरकी करून ऐकत राहिला. दुकानात शेजारीण सायमा म्हणाली, "अर्मास, तुझ्या घरातून भाषणं ऐकू येतात. निवडणुकीला उभा राहतोयस का?"

याचा अर्थ तो तुमचा आहे असा होत नाही. कुत्री आजारी पडतात, लहरी होतात.

तुमच्याकडच्या कुत्र्याचं. त्याला काही दुखत नाही. संध्याकाळी त्याला पाण्याकडे न्या. बोटींचा धक्का नसेल तर नदी चालेल. कोरड्या जागी बसवा, कारण त्याच्या मागच्या डाव्या पायात गारठा जातो. बोटी परत आल्या, माणसं उतरली, की तो उठतो आणि घरी येऊन जेवतो. घाई करू नका. ओढलं तर दुसऱ्या दिवशी जास्त रडतो.

अर्मास लेहतोला


हॉलो क्रीक
८ सप्टेंबर

श्री. लेहतोला,

मागचा डावा पाय.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच ओळीवर थांबले. जो कुत्रा तुमचा नाही, ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही, त्याच्या मागच्या डाव्या पायात गारठा जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. खाली तुमची सही आहे.

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बिशप गाडीतून उतरला त्या क्षणी. मला वाटत होतं तुम्ही म्हातारे आहात, नजर अधू असेल, कुत्र्यांतलं कळत नसेल. तुमच्यासाठी सबबी शोधत होते मी, इथे बसून. आणि तुम्ही तिथे बसून मला लिहीत होता, 'तुमचा कुत्रा सापडो.' ब्रिएलने मला वेडी ठरवलं ते मूर्खपणाने. तुम्ही समजून उमजून ठरवलंत. तिला माफ करता येईल.

मला एवढंच सांगा, का? कुत्रा पळवणारे विकायला पळवतात. तुम्ही विकत नाही. जो जेवत नाही, ज्याला हाताने रावस भरवावा लागतो, असा दुसऱ्याचा कुत्रा ठेवून घेऊन तुम्हाला काय मिळतं? आणि स्वतःचा, जो दाराशी रडतो, त्याचा पाय तुम्हाला इतका आठवतो तर तो परत का नको?

त्याला नदीवर नेलं. इथे बोटी नाहीत, सहलीला आलेले लोक रबरी तराफ्यांतून ओरडत जातात. त्याने प्रत्येक तराफा नीट तपासला. मग उठला. घरी येऊन जेवला. तुमचं म्हणणं खरं निघालं याचा मला राग आहे.

बिशपला पाठवा. नाहीतर मी येते.

होनोरा टॅन्सी


हॉलो क्रीक
१४ ऑक्टोबर

श्री. लेहतोला,

महिना उलटून गेला. उत्तर नाही. माझा गुडघा सुजला नसता तर हे पत्र तुमच्या दारावर हाताने थापलं असतं.

बाकीचं राहू द्या. तो जेवतोय का, एवढं लिहा. एक शब्द चालेल.

हो. टॅ.


आल्कू बेट
५ नोव्हेंबर

मिस टॅन्सी,

जेवतोय.

एक शब्द तुम्ही मागितला होता, तो वर लिहिला. आता बाकीचं. मला पत्रं लिहायची सवय नाही, म्हणून वेळ लागला. ही सबब आहे. खरं म्हणजे उत्तर दिलं की तो जाणार हे ठाऊक होतं.

काल सिनेमा दाखवला. आमच्याकडे टीव्ही बऱ्याच घरांत आहे, पण कॉम्रेड त्यात होता म्हणून अख्खं बेट हॉलमध्ये जमलं. कॉफी, वेलदोड्याचे पाव, सगळं. तुमचा बिशप माझ्या पायाशी बसला होता. पाण्यात उडी मारली तो कॉम्रेड होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सायमा म्हणाली, "बघ, आमच्या धक्क्यावर शिकलाय." मग शेवटी चर्चमध्ये लग्न लागतं. बटर तीन मजली केकपुढे बसलेला. दोन पाय जुळवून. सगळ्यांना वाटलं काय सुंदर अभिनय. तेवढ्यात पाद्री 'आमेन' म्हणाला आणि बटरने केकचा खालचा मजला खाल्ला. कंपनीने ते तसंच ठेवलंय. हॉल हसून लोळत होता.

पण 'आमेन' टीव्हीवर झालं तसं ते हॉलमध्येही झालं. माझ्या पायाशी बसलेला उठला आणि त्याने सायमाच्या मांडीवरच्या बशीतला पाव खाल्ला.

हसणं थांबलं. सायमाने पडद्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अर्मास," ती म्हणाली, "हिल्काचा कुत्रा कुठे आहे?"

हिल्का माझी बायको. बोट तिची होती. मी किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करायचो, ती मासे आणायची. कॉम्रेड रोज संध्याकाळी तिला आणायला धक्क्यावर जायचा. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. बोटीवर नाही, दवाखान्यात, त्यामुळे कॉम्रेडला कुणी सांगितलं नाही. तो अजून जातो. प्रत्येक बोटीतली माणसं उतरेपर्यंत बघतो. मग मान वळवून माझ्याकडे बघतो, आणि आम्ही घरी येतो. मला ते रोज झेपत नव्हतं. कंपनीचा माणूस पाण्यात उडी मारणारा कुत्रा शोधत आला तेव्हा मी पट्टा त्याच्या हातात दिला आणि बरं वाटलं.

मग तुमचा आला. पाहताक्षणी कळलं. तुम्ही बरोबर होता. फोन करायला उठलो होतो. तेवढ्यात तो भांड्यापुढे बसला आणि माझ्याकडे बघू लागला.

तुम्ही विचारलंत, काय मिळतं. या घरात आठवडे जायचे आणि माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. कॉम्रेडला माझ्याशी काही बोलायचं नसतं. तुमचा मात्र कुणाची वाट बघत नाही, फक्त मी काहीतरी बोलायची. सप्टेंबरात एके सकाळी मी खिडक्या लावून घेतल्या आणि तो शब्द म्हटला. पुटपुटलोच. तो जेवला, भांडं चाटून पुसून, आणि येऊन माझ्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हापासून दिवसातून दोनदा म्हणतो. आता खिडक्या लावत नाही. काल रात्रीपासून तर गरजही राहिली नाही, सगळ्या बेटाला कळलंय. दुकानात आज तिघांनी मला हात जोडले.

तुमची फसवणूक केली. तुम्ही म्हणाल तिथे त्याला घेऊन येतो. हिवाळाभर राहू दिलात तर उपकार होतील, पण मागायचा मला हक्क नाही हे कळतं.

अर्मास लेहतोला


हॉलो क्रीक
१० नोव्हेंबर

श्री. लेहतोला,

नाही. हिवाळाभर नाही.

तुम्ही एकटे आहात हे वाचून मला वाईट वाटावं अशी तुमची अपेक्षा नसावी, कारण तुम्ही तसं लिहिलं नाही, आणि तेवढ्यासाठी मी तुमचं पत्र फाडलं नाही. मीही एकटी आहे. मी कुणाचा कुत्रा ठेवून घेतला नाही. तीन महिने मी रोज एका दारात उभ्या असलेल्या जनावराला विचारत होते, काय रे, काय हवंय तुला, आणि तुम्हाला उत्तर माहीत होतं. दोन कुत्रे आणि एक बाई, तिघांना तुम्ही तिष्ठत ठेवलंत, कारण तुम्हाला चौथ्या कुणाशी बोलायचं नव्हतं. शेजारीण आहे, हॉल आहे, दुकान आहे. सायमाला जेवायला बोलवा. तिचा पाव तुम्ही देणं लागता.

सिनेमा मीही पाहिला. असला भिकार सिनेमा मी जन्मात पाहिला नाही. ती बेकरीवाली एकदाही हात धूत नाही. डॉक्टर एकाही जनावराला तपासत नाही. शेवटी ती त्याला म्हणते, 'बटरनेच आपल्याला एकत्र आणलं,' आणि बटर मागे बर्फात, म्हणजे साबणात, धापा टाकतोय. कुणी त्याला पाणी दिलं नाही. मी पूर्ण वेळ पडद्यावर ओरडत होते. तुमचा कॉम्रेडही बघत होता. पाण्यातली उडी आली तेव्हा त्याने टीव्हीला नाक लावलं. अजून डाग आहे काचेवर.

दुसऱ्या दिवशी ब्रिएलचा फोन. तुमच्या बेटावरून कुणीतरी तिला सगळं कळवलंय.

"किती गोड. तुम्ही दोघं धक्क्यावर भेटा, आम्ही शूट करतो. कुत्री धावत येतील, तुम्ही एकमेकांकडे बघाल, आणि मग तुम्ही दोघं..."

"आणि मग आम्ही दोघं आपापल्या वाटेने आपापल्या घरी जाऊ," मी म्हटलं. "एक जरी कॅमेरा दिसला तरी तो पाण्यात जाईल. कॉम्रेड काढून आणेल, तेव्हा नुकसान होणार नाही."

तर येत्या शनिवारी, फेरीबोटीच्या मुख्य धक्क्यावर, दुपारच्या बोटीला. डोंगरातले रस्ते बर्फाने बंद व्हायच्या आत. माझा भाचा गाडीने आणून सोडेल. बिशपला लोकरीचं पांघरूण घालून आणा, त्याला बोटीत मळमळतं. रावस भरवून लाडावला असेल तर तेही सांगा, म्हणजे मी कुणाला दोष द्यायचा ते कळेल.

कॉम्रेडचं. मागच्या डाव्या पायासाठी मोजा विणलाय, तो चढवल्याशिवाय धक्क्यावर नेऊ नका. तुम्हाला ते रोज झेपत नाही असं तुम्ही लिहिलंत. मलाही झेपत नव्हतं. ओल्या दगडावर बसून गुडघा गेला माझा. पण तो तिची वाट बघतो यात त्याचा काही गुन्हा नाही, आणि तुम्ही त्याला ते एकट्याने करायला परक्या गावी पाठवलंत. आता तुम्ही शेजारी बसायचं. बोटी आल्या, माणसं उतरली, की तो तुमच्याकडे बघेल. तुम्हीही त्याच्याकडे बघायचं. नजर चुकवायची नाही.

आणखी एक, ते आधीच सांगते, धक्क्यावर भांडण नको. कॉम्रेड आता पूर्वीसारखा जेवत नाही. माझ्या घरी मी ज्या शब्दाशिवाय जेवत नाही, त्याच्याशिवाय तोही जेवत नाही. हॅम चोरला त्याच रात्रीपासून मी शिकवायला घेतलं. तुमच्यापेक्षा लवकर शिकला. भांडं ठेवलं की दोन पाय जुळवून बसतो आणि बघत राहतो. 'खा' म्हणून चालत नाही, सभेचा अहवाल वाचून तर नाहीच, मी आमच्या चर्चच्या वार्षिक सभेचा वाचून पाहिलाय.

तेव्हा तुम्हाला रोज दोनदा बोलावंच लागेल. त्याला माझा इलाज नाही. तुमच्या आजोबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

रविवारपासून मला या आरामखुर्चीत बसता येईल. बघू.

शनिवारी उशीर करू नका.

आमेन. हे तुमच्यासाठी नाही. कॉम्रेड पायाशी भांड्यापुढे बसलाय, मघापासून.

होनोरा टॅन्सी